फियाटची पुढची सीट

धुरपदाबाईला सवत होती. चार चाकांची, पांढरी, आणि तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी धाकटी. मुलाचा, चंदनचा, जन्म झाला त्या साली केळीचा बाग चांगला उतरला, आणि नानांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, चुडामणनं, जळगावच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून ती जुनी फियाट घेतली. गाडी पहूरला दारात आली तेव्हा धुरपदाबाईनंच तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, बोनेटला हळदीकुंकू लावलं. सवतीला आपल्या हातानं ओवाळून आत घेणारी बाई साऱ्या जामनेर तालुक्यात तीच एक असेल.

पुढं बत्तीस वर्षं नाना त्या गाडीला पुसत राहिले आणि ती नानांचे काळे झालेले सदरे धूत राहिली. गाडीला ऊन लागू नये म्हणून पोर्च बांधला. स्वयंपाकघराला खिडकी काढायची ती मात्र सात वर्षांनी काढली. तरी धुरपदाबाई गप्प होती, याचं कारण पुढची सीट. त्या जुन्या फियाटला पुढं दोन खुर्च्या नव्हत्या, सोफ्यासारखी एकच लांब सीट होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच. त्या सीटवर खिडकीशी धुरपदाबाई बसायची. कोपर बाहेर, पदर नीट, बांगड्या दिसतील असा हात. पहूरच्या स्टँडवरून गाडी निघाली की चहाच्या टपरीवरची माणसं आधी तिला बघायची आणि मग गाडीला. भाऊकीतल्या कुठल्याच बाईला असा मान नव्हता. धुळ्याच्या जावेला, बेबाबाईला, तर नव्हताच. तिच्या घरची गाडी नवी होती, पण त्या गाडीत पुढं तिचा नातू बसायचा आणि ती मागं पिशव्यांसोबत.

तीन वर्षांपूर्वी चंदनचं लग्न झालं आणि सून आली. भूमिका. धुळ्याच्या जीवराम मिस्त्रीची मुलगी. मुलगी बघायला गेले तेव्हाच धुरपदाबाईच्या डोळ्यांनी टिपलं होतं, पोहे देणाऱ्या हाताच्या नखात काळं होतं.

"बाबांना मदत करते गॅरेजात," पोरगी खाली बघत म्हणाली होती.

"आमच्याकडं मदतीला भाकरी असतात," धुरपदाबाई म्हणाली होती. पण नानांनी पोहे तसेच ठेवून विचारलं होतं, "फियाट उघडलीय का कधी?" आणि पोरीनं पहिल्यांदा मान वर केली होती. तिथंच सगळं ठरलं. चंदनला कुणी विचारलंच नाही, आणि त्यालाही विचारलेलं नको होतं. त्याचं निम्मं लक्ष तेव्हाही फोनवरच्या केळीच्या भावात होतं.

भूमिका वाईट नव्हती, हेच तर दुखणं. उद्धट असती तर धुरपदाबाईनं तिला आठवड्यात सरळ केलं असतं. ती पहाटे उठायची, भाकरी थापायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला तिचा हात धुरपदाबाईपेक्षा हलका होता, आणि हे सगळं आटोपून नानांसोबत बोनेटखाली डोकं घालायची. मग पोर्चातून हसणं ऐकू यायचं. नानांचं हसणं! बेचाळीस वर्षांच्या संसारात धुरपदाबाईनं ते हसणं मोजून पाच-सहा वेळा ऐकलं असेल, त्यातलं एकदा तर ती शेणात घसरून पडली तेव्हाचं होतं. आता रोज सकाळी, चहाबरोबर.

"मिस्त्री, दहा-अकराचा पाना दे," नाना म्हणायचे. सुनेला मिस्त्री म्हणायचे! "हे धर. आता हे धर. शाबास."

हे धर. धुरपदाबाईच्या काळजात तो शब्द काट्यासारखा रुतायचा. लग्नानंतर फार दिवसांनी, गाडी नवीन आली होती तेव्हा, एकदा नानांनी तिलाही म्हटलं होतं, हे धर. बॅटरी दिली होती हातात, उजेड पाडायला. तिनं मोठ्या हौशीनं धरली. आणि नानांनी लगेच ओरडून म्हटलं होतं, "डोळ्यात काय मारतेस, इंजिनावर मार! जा तू, चहा टाक." त्यानंतर बत्तीस वर्षं ती चहाच टाकत होती, आणि हा किस्सा नानांनी सुनेलाही हसत हसत सांगितला होता.

यंदा कानबाईचा, खान्देशातल्या कुळाच्या देवीचा, मान बेबाबाईच्या घरी होता. नागपंचमीनंतरचा रविवार, सगळी भाऊकी धुळ्याला जमणार, कानबाई बसणार, रोट म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या होणार. रोटाचे गहू ज्याच्या त्याच्या घरून यायचे. त्यांच्या कुळात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. बायकांच्या नावाची मूठ नसते. बायकांनी निवडायचे, दळायचे, लाटायचे.

गुरुवारी सकाळी धुरपदाबाई पोर्चात पाटावर बसून गहू काढत होती. सव्वा मूठ नानांची. सव्वा मूठ चंदनची. तेवढ्यात नाना वाकले आणि डब्यातून आणखी एक मूठ घेऊन फडक्यावर टाकली.

"ही कुणाची?"

"गाडीची," नाना हसत म्हणाले. "तीबी घरातलीच. तीच नेणार आपल्याला."

भूमिका खळखळून हसली. धुरपदाबाई हसली नाही. बेचाळीस वर्षं ती कानबाईचं दळण दळत होती, तिच्या नावाचा एक दाणा त्या फडक्यावर कधी पडला नव्हता, आणि लोखंडाला मूठ मिळाली! नाना वळल्यावर तिनं ती मूठ उचलली आणि परत डब्यात टाकली.

त्याच दुपारी नानांनी गाडी बाहेर काढली. चैत्रात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून जेठ संपेपर्यंत गाडी जागची हलली नव्हती, आणि आखाडात गावातल्या गावात फिरली तेवढीच. धुळ्याला जायचं तर एक लांब फेरी हवी म्हणून ते जामनेरला जाऊन आले. गाडी पोर्चात लावली, आणि घटकाभरात खाली ताटलीएवढं काळं तळं साचलं.

"तेल!" नाना ओरडले. "सूनबाई, तेल गळतंय!"

धुरपदाबाईही धावत आली होती, पण हाक सुनेला होती. तिनं फरशीवरचं तेल बघितलं आणि म्हणाली, "मी सकाळीच पुसली होती फरशी."

नानांना ते ऐकूच गेलं नाही. ते आणि भूमिका बोनेट उघडून आत बघत होते. टॅपेट कव्हरच्या कडेनं तेल ओघळलं होतं. पॅकिंग गेलं असेल, असं दोघांचं ठरलं. इंजिनावरच्या त्या झाकणाखाली कॉर्कची पट्टी असते, ती वाळली की तेल सुटतं. चंदनला फोन गेला. तो जळगावहून येताना इसाक मिस्त्रीकडून कॉर्कचा पत्रा घेऊन आला.

"रविवारपर्यंत होईल का?" चंदननं विचारलं. "नाहीतर एसटीनं जाऊ."

"एसटीनं?" नानांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं त्यानं कानबाईला शिळी भाकरी वाहायला सांगितली. "शनिवारी दुपारी निघायचं, गाडीनंच. आणि ऐक, पुढं सूनबाई बसेल. रस्त्यात काही झालं तर आवाज तिला कळतो."

धुरपदाबाईच्या हातात चहाची बशी होती. ती तिनं नानांना देता देता मागं घेतली.

"आणि मी?"

"तू मागं. चंदनशेजारी. ऐसपैस बस की, पाय पसरून."

पाय पसरून! बेबाबाई दारात उभी असणार, साऱ्या भाऊकीसमोर, आणि फियाटच्या मागच्या दारातून, पिशव्या ढकलत, धुरपदाबाई उतरणार. बेबाबाई काय म्हणेल तेही तिला शब्दन् शब्द ठाऊक होतं. तिनं बशी ठेवली आणि आत जाऊन पिठाचा डबा विनाकारण आपटला.

शुक्रवारी सून आणि सासरा सकाळपासून भिडले. टॅपेट कव्हर काढलं, जुनं पॅकिंग खरवडलं, कॉर्क कापून नवं बसवलं. गाडी सुरू केली. पाव तास कोरडं राहिलं आणि मग कव्हर सोडून खालून, चेंबरमधून, टिप टिप टिप. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं भांडं. नानांचे गुडघे वाकत नव्हते, डोळ्याला अजून गॉगल होता. तेव्हा भूमिकाच गाडी जॅकवर घेऊन, विटा लावून खाली शिरली. दुपारभर तिचे नुसते पाय दिसत होते. चंदनची जुनी पँट आणि त्यात पैंजण.

"काय ध्यान शे!" धुरपदाबाई खिडकीतून पुटपुटली. तिचं माहेर अमळनेरचं. राग आला की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची.

संध्याकाळी भूमिका गाडीखालून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. दमली असेल, असं नाना म्हणाले. धुरपदाबाईला मात्र ते दमणं वाटलं नाही. पोरगी काहीतरी गिळून आली होती. नानांनी विचारलं, "काय दिसलं?" तर म्हणाली, "काही नाही नाना. चेंबरचं पॅकिंग बदललं." आणि हात धुवायला गेली ती किती वेळ नळापाशीच.

शनिवारी सकाळी पुन्हा तेल. आता पुढूनही, पंख्याच्या बाजूनं.

"बापाला फोन लाव तुझ्या," नाना म्हणाले. "जीवराम आवाजावरून सांगेल."

"बाबा कामात असतील," भूमिका म्हणाली.

हे धुरपदाबाईनं ऐकलं आणि तिला आतून गुदगुल्या झाल्या. घ्या! मिस्त्रीची अक्कल संपली आणि बापाला विचारायची लाज वाटते. आता बसा एसटीत. एसटीत पुढची सीट ड्रायव्हरची असते, तिथं ना सासू ना सून. पण लगेच तिला बेबाबाई आठवली. धुळ्याच्या स्टँडवरून पिशव्या घेऊन रिक्षातून उतरणं तर मागच्या सीटपेक्षा वाईट. म्हणजे गाडी तर नीट व्हायला हवी, पण ती भूमिकानं करायला नको. असल्या पेचात ती बसलेली असताना सून स्वयंपाकघरात आली आणि ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन निघाली.

"ओ बाई! पीठ कुठं चाललं?"

"इंजिनाला लावायचंय, आई. आधी डिझेलनं धुऊन कोरडं करायचं, मग पीठ भुरभुरायचं. तेल जिथून निघेल तिथं ओघळ दिसतो."

"पावडर लाव, टिकली लाव, लगनले उभी कर तिले!" धुरपदाबाई म्हणाली. पण बघायला मात्र बाहेर आलीच.

इंजिन धुतलं, पुसलं, पीठ भुरभुरलं. फियाट आतून पांढरीफटक झाली, मयताच्या घरी रडून आलेल्या म्हातारीसारखी. नानांनी चावी फिरवली. पाच मिनिटं गेली. मग पिठावर एक काळी रेघ उतरली. मग दुसरी, दुसऱ्या बाजूनं. मग तिसरी. आणि तेल मोजायची जी काडी असते ती आपोआप बोटभर वर उचलली गेली.

नाना गॉगल काढून बघतच राहिले. "अगं, ही तर सगळीकडून गळतेय. पॅकिंग नवं, तरी गळतेय. असं कसं?"

भूमिका हळू आवाजात म्हणाली, "पॅकिंगचा दोष नाही नाना. आत कोंडतंय. इंजिनालाही श्वास असतो. तो बाहेर जायला वाट नसली की तेल ढकलतं, मिळेल तिथून."

"मग वाट कुठं बंद झाली?"

भूमिका खाली बघत हात पुसत राहिली.

धुरपदाबाई मात्र एक पाऊल मागं सरली. कारण वाट कुठं बंद झाली ते तिला ठाऊक होतं.

वैशाखात गाडी उभी होती आणि ती पोर्चात पाटावर बसून तूर पाखडत होती, तेव्हा तिनं पाहिलं होतं. एक कुंभारीण, ती बारीक कमरेची माशी, तोंडात चिखलाची गोळी घेऊन पुढच्या चाकामागं शिरायची, परत यायची, पुन्हा गोळी आणायची. धुरपदाबाई वाकून बघायला गेली, तर इंजिनातून एक नळी खाली रस्त्याकडं तोंड करून लटकत होती, आणि त्या तोंडात मातीचं घर होत आलं होतं. तिनं हात जोडले होते. कुंभारणीनं घर बांधलं की त्या घरात पाळणा हलतो, हे अमळनेरच्या तिच्या आजीपासून चालत आलेलं. रात्री जेवताना तिनं सगळ्यांना बजावलं होतं, "पोर्चात कुंभारणीनं घर केलंय. मोडलं तर माझ्याशी गाठ. तीन वर्षं झाली, या घराला आता तरी काही दिसू दे." कुठं केलंय ते सांगितलं नव्हतं. सुनेकडं बघून बोलली होती एवढं खरं. भूमिकाचा घास हातातच राहिला होता, तेही तिला दिसलं होतं. दिसलं होतं आणि बरं वाटलं होतं.

दुपारी जेवणं झाली. नाना तोंडावर टॉवेल घेऊन आडवे झाले. चंदन ओट्यावर फोनवर कुणाशी तरी केळीच्या गाडीवरून भांडत होता. धुरपदाबाईनं केसातला आकडा काढला आणि पोर्चात गेली.

तिचा हिशेब साधा होता. आकड्यानं माती उकरायची, नळी मोकळी करायची, मग नानांना हाक मारायची. म्हणायचं, बघा, तीन दिवस मिस्त्री आणि मिस्त्रीचा सासरा झटले आणि काढलं कुणी? मग पुढं कोण बसतं ते बघू. कुंभारणीचं पाप लागेल, तर कानबाईपुढं नाक घासून घेऊ. ती चाकापाशी उकिडवी बसली, हात आत घातला. मातीचं गुळगुळीत घर बोटाला लागलं. आणि हात थबकला. आत काय असेल? पाळणा?

"आई, तेवढं नका मोडू."

भूमिका मागं उभी होती. धुरपदाबाई दचकली, डोकं चाकावर आपटलं.

"तुले काय ठाऊक मी काय करी राहिनी?"

"मी काल चेंबर काढताना बघितलं," भूमिका म्हणाली. "नळीच्या तोंडात. बघितलं तेव्हाच कळलं तेल का गळतंय ते."

"कालच? मग बोलली का नाहीस?"

पोरीनं ओठ दाबले. "तुम्हीच म्हणाला होतात, मोडलं तर गाठ आहे." आणि मग फरशीकडं बघत, "मलाही मोडावंसं नाही वाटलं. बाबांना फोन केला असता तर ते पहिलं हेच म्हणाले असते, नळी साफ कर."

धुरपदाबाई तशीच उकिडवी बसून राहिली. म्हणजे काल दुपारभर ही पोरगी गाडीखाली उताणी पडून त्या मातीच्या गोळ्याकडं बघत होती. आणि आज नानांसमोर जाणूनबुजून आपली अक्कल संपल्याचं सोंग करत होती. नाना, ज्यांच्या एका शाबासकीसाठी धुरपदाबाईनं बेचाळीस वर्षं घालवली होती, त्यांच्यासमोर! आणि धुरपदाबाईला वाटलं होतं की ही मिरवते. तिला सुनेची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला, आणि राग आला की तिच्या तोंडून दुसरं काय निघणार?

"येडी शे का तू?" ती म्हणाली. "मोठी मिस्त्रीची लेक! घर मोडायचं कशाला? नळी निघत नाही का? घरासकट उचलायची!"

भूमिकानं मान वर केली. मुलगी बघायला गेले होते तेव्हा केली होती तशी.

"दोन बोल्ट आहेत," ती म्हणाली. "वरच्या अंगाला. पण दुसरी नळी?"

"थांब." धुरपदाबाई उठली, गुडघे कटकट वाजले. पत्र्याच्या खोलीत गेली आणि केळीच्या ठिबकची नळी घेऊन आली.

"ही नको आई, गरम झाली की लोळागोळा होईल. जाड रबराची हवी."

धुरपदाबाई परत गेली. पाच मिनिटं खोलीत आदळआपट ऐकू आली. मग जुन्या फवारणी यंत्राची काळी, अंगठ्यापेक्षा जाड नळी काखेत धरून आली. भूमिकानं ती दाबून बघितली, वास घेतला, आणि हसली. "ही चालेल."

ती बोनेटखाली वाकली. आत अंधार होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातानं नळी सांभाळायची, तिसरा हात आणायचा कुठून? तिनं कमरेची बॅटरी काढली आणि मागं न बघताच पुढं केली.

"आई, हे धरा."

धुरपदाबाईनं बॅटरी धरली. दोन्ही हातांनी धरली. पोरीच्या डोळ्यांवर नाही, बोल्टवर. हात हलू नये म्हणून श्वासही रोखला. पहिला बोल्ट निघाला. दुसरा गंजलेला होता, त्याला वेळ लागला. भूमिका "जरा डावीकडं" म्हणाली की उजेड डावीकडं, "खाली" म्हणाली की खाली. शेवटी नळी सुटली. भूमिकानं ती बाळंतिणीच्या खोलीतून मूल आणावं तशी दोन हातांवर बाहेर आणली. मातीचं घर तसंच होतं, एक टवकाही गेला नव्हता.

धुरपदाबाईनं ती जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि पोर्चाच्या गजाला, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर, बांधली. तोंड मात्र मोकळं ठेवलं.

"कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"कोणतं?"

"कोणतंच."

फवारणीची नळी बसली. भूमिकानं इंजिन पुसलं, पुन्हा पीठ भुरभुरलं आणि चावी फिरवली. आवाजानं नाना उठून आले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पीठ पांढरं ते पांढरंच. काडी जागच्या जागी. नाना वाकून वाकून बघत होते.

"काय केलं मिस्त्री? काय केलं?"

भूमिकानं सासूकडं बघितलं. धुरपदाबाईच्या जिभेवर सगळं आलं होतं. वैशाखातली माशी, फवारणीची नळी, बॅटरी, सगळं. पण ते सांगायचं तर कालची दुपार सांगावी लागणार, पोरीनं का लपवलं ते सांगावं लागणार, आणि चंदन ओट्यावरून उठून बघायला आलेला. तिनं ते गिळलं. कारल्याचा रस प्यायल्यासारखं घशाखाली उतरलं.

"तिले काय इचारता?" ती म्हणाली. "सुधरली ना? मग आटपा. तीन वाजले."

"वा रे माझी पोरगी!" नाना भूमिकाच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाले. "आता तर पुढं तूच!"

घ्या! आपल्याच हातानं सवत ओवाळली, आपल्याच हातानं पुढची सीट दिली. धुरपदाबाई पाय आपटत आत गेली. गव्हाचं फडकं बांधायला घेतलं, आणि गाठ मारता मारता थांबली. डब्यातून एक मूठ काढली, वर पावमूठ, आणि फडक्यावर टाकली. कुणाच्या नावानं, ते देवालाही मोठ्यानं सांगितलं नाही. ज्याच्या नावाची ती होती त्याला अजून नाव नव्हतं.

साडेतीनला गाडी पोर्चाबाहेर निघाली. चंदन मागं बसला, पिशव्या त्याच्या मांडीवर. भूमिका मागचंच दार उघडत होती.

"तिथं नाही!" नाना म्हणाले. "पुढं."

"आई बसतात पुढं," भूमिका म्हणाली.

"ती बसते की मागं. काय गं?"

धुरपदाबाईनं पदर खोचला. "मी काय मरी गऊ का?" असं म्हणून तिनं पुढचं दार उघडलं, आत शिरली, आणि सरकत सरकत नानांना चिकटून, सीटच्या मधोमध बसली. "ही सीट तिघांची शे. ये भूमिका, खिडकीशी बस. आवाज ऐक."

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. इंजिन गुणगुणत होतं. नाना दर दोन मैलांवर विचारायचे, "सूनबाई, ठीक वाटतंय ना?" पण मध्ये धुरपदाबाई होती. नाना पुढं झुकले की ती पुढं झुकायची, मागं झाले की मागं. गिअर टाकताना त्यांचं कोपर तिच्या दंडाला लागायचं, आणि बत्तीस वर्षांत खिडकीशी बसून तिला कधी कळलं नव्हतं की हे कोपर इतक्या वेळा हलतं.

"जरा सरक ना तिकडं," नाना वैतागून म्हणाले.

"कुठं सरकू? तिकडं मिस्त्री बसलीय."

दिवेलागणीला गाडी धुळ्यात बेबाबाईच्या दारात थांबली. सगळी भाऊकी ओट्यावर होती. बेबाबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली आणि काचेतून आत बघत हसली.

"काय व धुरपदा, तीनीजण पुढे? मधमा कोंबेल शे का तुले?" आणि लगेच भूमिकाकडं वळून, "तूच नीट करी म्हणे गाडी! चंदनना फोन उना व्हता. बठ्ठं इंजिन एकलीनी खोलं म्हणे!"

भूमिका काही बोलायच्या आत धुरपदाबाई सीटवरून सरकत खाली उतरली, सुनेच्याही आधी, तिला जवळजवळ बाहेर ढकलूनच. गव्हाचं फडकं छातीशी धरलं, पदर सारखा केला.

"एकलीनी?" ती म्हणाली. "बॅटरी कोनी धरेल व्हती ते इचार!"

नाना स्टिअरिंगवर हात ठेवून वळून बघत होते. "तू? तू धरली?"

धुरपदाबाई मागं न बघता ओट्याच्या पायऱ्या चढून आत गेली. भूमिका हसत होती.

"हो नाना," ती म्हणाली. "आणि एकदाही डोळ्यात मारली नाही."